तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या मोबाइलवरचा तो बुटका कोण?

दर सुट्टीत पुण्याला आलो की कोणीतरी विचारतंच, अरे वॉलपेपरवर हा गोरा कोण, आणि तू कधीपासून रग्बी बघायला लागलास? मावशीला तर तो माझा बॉस वाटला होता.

तो रॉब बरो. लीड्स ऱ्हायनोज या इंग्लंडमधल्या रग्बी क्लबचा सात नंबर. मी लीड्सला राहतो. हेडिंग्ली म्हटलं की आपल्याला २००२ ची टेस्ट, सचिनचे १९३, बीडच्या संजय बांगरचे चिवट ६८ एवढंच आठवतं ना, तर त्याच ग्राउंडला पाठ लावून रग्बीचं ग्राउंड आहे, मधलं स्टँड दोघांत एकच. मी एकदा पलीकडच्या बाजूला जाऊन बसलो आणि तिकडचाच झालो.

उंची फक्त ५ फूट ५ इंच, समोर शंभर-शंभर किलोचे रेडे. २०११ ची ग्रँड फायनल, म्हणजे लीगची अंतिम मॅच, ओल्ड ट्रॅफर्ड, सेंट हेलेन्सविरुद्ध. एक दांडगा धरायला हात टाकतो आणि हा चक्क त्याच्या हाताखालून वाकून सटकतो, मग शेवटच्या माणसाला हूल देऊन जो पळत सुटतो तो थेट लाइनीपलीकडे, म्हणजे पॉइंट्स. मॅन ऑफ द मॅच, तेही एकमताने. अशा आठ फायनल जिंकला, क्लब कायम एकच, ४९२ मॅचेस, २०१७ ला रिटायर.

पुढचं तिकडे बहुतेकांना माहीत असतं. डिसेंबर २०१९ ला मोटर न्यूरॉन डिसीज निघाला, स्नायू चालवणाऱ्या नसा निकामी करणारा आजार, शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगना होता तोच, वय ३७. हातपाय गेले, वाचा गेली, डोकं शाबूत. मग डोळ्यांनी कॉम्प्युटर चालवायचा आणि जुन्या रेकॉर्डिंगवरून बनवलेल्या स्वतःच्याच यॉर्कशायरी आवाजात बोलायचा. जुना कॅप्टन केविन सिनफील्ड त्याच्यासाठी सात दिवसांत सात मॅरेथॉन पळाला (नंबर सात ना!), आणि २०२३ च्या लीड्स मॅरेथॉनमध्ये त्याची व्हीलचेअर ढकलत आला, फिनिश लाइन आली तसं त्याला दोन्ही हातांवर उचलून घेतलं. २ जून २०२४ ला रॉब गेला. त्याच्या नावाच्या उपचार केंद्राचं काम दुसऱ्याच दिवशी सुरू झालं.

पण वॉलपेपरवर खुर्ची नाहीये, २०११ चा रॉब आहे. लोक आजारापासूनच सुरुवात करतात ते मला खटकतं, म्हणून मी आधी त्या पळण्याचा व्हिडिओ दाखवतो. मावशीने दोनदा बघितला. म्हणाली, "अगो बाई, आंघोळीला धरायला गेलं की तू अस्साच पळायचास!"