जामीनदाराचा रकाना

जळगावच्या नवीपेठेत माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. रिटर्न, जीएसटी, कर्जाच्या फायली, असलं काम. त्या दिवशी आप्पा आले ते पिशवीत कोर्टाच्या हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन. सोबत त्यांचे शालक, यावल तालुक्यातले केळीवाले शेतकरी. यांना मी नाना म्हणतो. दोघं दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसले. चहाही वेगवेगळ्या वेळी उचलला.

आप्पा धरणगाव भागात कापसाची खेडा खरेदी करायचे. 2011 च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला 7 हजारांच्या आसपास गेला होता. आप्पांनी त्याच भावात माल भरला आणि अजून चढेल म्हणून रोखून धरला. पुढच्या हंगामात भाव 4 हजारांच्या घरात आला. बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याचं फिरतं कर्ज थकलं, हातउसने थकले. शेवटी त्यांनी जिल्हा न्यायालयात नादारीचा, म्हणजे देणी फेडता येत नाहीत असा, अर्ज दिला.

इथं एक सांगायला हवं. लोकांना 2016 चा दिवाळखोरी कायदा ऐकून माहीत असतो. पण व्यक्तींसाठीची त्यातली प्रकरणं अजून सरसकट लागू झालेली नाहीत. 1 डिसेंबर 2019 पासून ती फक्त कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहेत. आप्पांसारख्या एकट्या व्यापाऱ्याला आपल्याकडे आजही 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्यानंच जावं लागतं. म्हणजे कोर्ट रिसिव्हर नेमणार, तो मालमत्ता ताब्यात घेऊन विकणार, पैसे धनकोंना वाटणार आणि मग कोर्ट डिस्चार्ज, म्हणजे उरलेल्या देण्यातून सुटका देणार. आप्पांचा प्लॉट असाच गेला. डिस्चार्ज मिळायला वर्षं गेली, पण मिळाला.

आता त्यांना पुन्हा धंदा करायचा होता. गल्लीतल्या एका एजंटानं ‘15 हजारांत सिबिल धुऊन देतो’ असं सांगितलं होतं. पैसे द्यायच्या आधी माझ्याकडे विचारायला आले, एवढं बरं. रिपोर्टमधली खरी नोंद पैसे घेऊन कुणालाच पुसता येत नाही. चुकीची असेल तर ती फुकटात दुरुस्त होते. रिपोर्टसुद्धा कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. अशा चार कंपन्या आहेत, ‘सिबिल’ त्यातली एक.

आप्पांचा रिपोर्ट उघडला. बँकेचं खातं ‘रिटन ऑफ’, म्हणजे बुडीत धरलेलं, आणि समोर थकबाकीचा आकडा जसाच्या तसा. डिस्चार्जचा मागमूस नाही. आप्पा चिडले, “कोर्टानं सोडलं ना मला?” कोर्टानं सोडलं, पण बँकेनं कळवल्याशिवाय क्रेडिट कंपनी आपण होऊन अक्षर बदलत नाही. हुकमाची नक्कल जोडून बँकेला आणि क्रेडिट कंपनीला तक्रार टाकायची. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मसुदा मी तिथंच टाइप केला.

तेवढ्यात नाना म्हणाले, “माझाही काढा जरा.” मुलीला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. शैक्षणिक कर्जाला बाप सहकर्जदार लागतो, आणि बँकेनं ‘तुमचा स्कोअर बसत नाही’ म्हणून परत पाठवलं होतं. नाना म्हणत होते, मी आयुष्यात बँकेचं कर्ज काढलेलं नाही. ते खरंही होतं. त्यांचं सगळं गावच्या विकास सोसायटीत, तिथं सिबिल कुणी बघत नाही.

रिपोर्टमध्ये एकच खातं निघालं. खात्याचा क्रमांक आप्पांच्या कागदावर होता तोच. मालकीच्या रकान्यात लिहिलेलं होतं ‘गॅरंटर’. खाली महिन्यांच्या चौकटी, एकेका महिन्याला एकेक. तीन आकडी थकीत दिवस ओळीनं भरलेले.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. नाना बराच वेळ बघत राहिले आणि मग अहिराणीत बोलले, “कर्ज तेन्हं आनि नाव मन्हं!” आप्पा काहीच बोलले नाहीत.

नादाराला डिस्चार्ज मिळाला तरी जामीनदार सुटत नाही, हे त्याच जुन्या कायद्याच्या कलम 44 मध्ये लिहिलेलं आहे. बँकेनं नानांवर दावा लावून कोर्टाकडून वसुलीचा हुकूमनामा घेतलेला होता. त्याची बजावणी 12 वर्षांपर्यंत मागता येते. नोटीस आली तेव्हा ‘दाजी बघतील’ म्हणून ती कपाटात गेली होती. आप्पांनाही वाटलं होतं, माझं सुटलं म्हणजे सगळ्यांचंच सुटलं. आमच्याकडे जामीनकीची सही लग्नाच्या आमंत्रणासारखी असते, नाही म्हटलं तर नातं तुटतं. त्यामुळे सही करताना कुणी वाचत नाही, आणि करून घेणाराही सांगत नाही.

त्यानंतर आप्पा उठले आणि म्हणाले, बँकेत आत्ताच जाऊ. आम्ही तिघं गेलो. वसुलीच्या साहेबांनी व्याजासकट सहा लाखांवर आकडा काढला. रिसिव्हरकडून मिळालेली रक्कम वजा केलीय का, हे मी पानावर बोट ठेवून विचारलं तेव्हा आकडा खाली आला. मग साडेतीन लाखांत तडजोडीची तयारी दाखवली.

इथं सगळेच सल्लागार एक पाठ म्हणतात, तडजोड करू नका, ‘सेटल्ड’ शिक्का बसतो. शिक्का बसतो हे खरंच आहे. ‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण फेडलेलं आणि ‘सेटल्ड’ म्हणजे कमी रकमेत मिटवलेलं, यात बँका फरक करतात. त्याच बँकेकडून शेतीबाहेरचं नवं कर्ज पुढे किमान 12 महिने मिळत नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या, सोसायटीवर शेती चालवणाऱ्या माणसानं एका शब्दासाठी वर दोन लाख मोजावेत, हे मला पटत नाही. मी तडजोडच करा म्हणालो. मुलीच्या कर्जाला आई सहकर्जदार होऊ शकते. तिच्या नावावर कधीच कर्ज नव्हतं, म्हणजे चांगला इतिहास नाही तसा वाईटही नाही.

आप्पांनी साडेतीनपैकी दोन लाख द्यायचं कबूल केलं. वकिलांच्या मते कायद्यानं त्यांच्यावर एक रुपयाही नव्हता. बाकीचे नानांनी भरले. याचा राग त्यांच्या मनातून गेलाय असं मला वाटत नाही.

आईला सहकर्जदार करून मुलीचं शैक्षणिक कर्ज मंजूर झालं. नानांचं खातं ‘सेटल्ड’ झालं आणि थकबाकी शून्य. आप्पांच्या नोंदीतला थकबाकीचा आकडा निघाला. पण खातं दिसत राहणारच. माहिती किमान सात वर्षं जपायचा नियम आहे, आणि सातव्या वर्षी पुसलीच पाहिजे असं त्यात कुठंही नाही. नवा इतिहास त्याच्याशेजारी उभा करावा लागतो. त्यांना 20 हजारांच्या मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड काढून दिलं. त्यावर फक्त विजेचं बिल आणि किराणा, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, आणि पूर्ण रक्कम तारखेआधी भरायची. परवा आले तेव्हा विचारत होते, जिनिंगवाल्याशी बोलणं झालंय, कर्जाला अर्ज टाकू का? मी सध्या नको म्हणालो. चार बँकांत अर्ज टाकले की चार चौकशा रिपोर्टवर चढतात. “मग तोवर?” “वीजबिल भरा,” मी म्हणालो. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत जिना उतरले.