विहिरीतली अनोळखी मुलगी आणि वयाचा आकडा

मृतदेह दुपारी ग्रामीण रुग्णालयात आला. सोबत हवालदार, इन्क्वेस्ट पंचनामा (पोलिसांनी मृतदेह पाहून केलेली नोंद) आणि एडीचा, म्हणजे अपघाती मृत्यूच्या नोंदीचा, नंबर. पंचनाम्यात नोंद होती: अनोळखी मुलगी, वय अंदाजे दोन वर्षे, पडक्या विहिरीत तरंगताना मिळाली. २०२१ पासून रात्री पीएम (शवविच्छेदन) करायला आम्हा डॉक्टरांना परवानगी आहे, पण कुजलेले मृतदेह आणि घातपाताची शंका असलेली प्रकरणे एरवी त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे जे काही करायचे ते अंधार पडायच्या आत.

दोन वर्षे हा आकडा उंचीवरून आला होता. लांबी भरली ८८ सेंटिमीटर, वाढीच्या तक्त्यावर जेमतेम सव्वादोन वर्षे. तोंड उघडले तर दुधाचे वीसही दात पूर्ण आलेले, पुढच्या दातांच्या कडा किंचित झिजलेल्या. वीस दात अडीच ते तीन वर्षांत पुरे होतात, तेव्हा दोन वर्षे तिथेच बाद. जबड्याच्या एक्स-रेमध्ये पहिल्या कायमच्या दाढेचा माथा तयार होऊन मुळाला सुरुवात झालेली. मनगटात चार छोटी हाडे दिसत होती. सगळे जुळवून वय येते साडेतीन ते साडेचार. पोटाला पुरेसे न मिळालेल्या मुलाची उंची खुंटते, मनगटाची हाडेही मागे पडतात. दातांवर परिणाम सर्वांत कमी. म्हणून या तिघांत भांडण झाले की मी दातांची बाजू घेतो.

हा वाद कागदी नाही. ‘दोन वर्षे’ असा बिनतारी संदेश शेजारच्या ठाण्यांना गेला होता. हरवलेल्यांच्या नोंदी चाळणारा माणूस मग एक ते तीन वयाच्याच मुली पाहतो, आणि चार वर्षांची मुलगी त्याच्या नजरेतून सुटते. दुरुस्त संदेशात मुद्दाम ‘३ ते ५ वर्षे’ घातले. नेमका आकडा दिसायला छान दिसतो, पण शोधाला मोठा पट्टा लागतो.

चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. तो फोटो गावोगाव फिरवून उपयोग नव्हता. हाताची कातडी मोज्यासारखी सुटत होती. त्यावरून ठसे घेता येतात, पण जुळवायचे कशाशी? पाच वर्षांखालच्या मुलांच्या आधारसाठी बोटांचे ठसे घेतच नाहीत. उरल्या अंगावरच्या वस्तू: कमरेला काळा करदोटा, त्यात ताईत, टोचलेले कान, घरी शिवलेला झबलेवजा फ्रॉक, लेबल नाही. फोटो आधी आहे तसे, मग धुऊन, शेजारी मोजपट्टी ठेवून. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की बुरशी धरते आणि पुरावा संपतो. सावलीत वाळवायचा, कागदात गुंडाळायचा, मग सील.

व्हिसेरा, म्हणजे विषाच्या तपासणीसाठी काढलेले पोटातले अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात. डीएनएसाठी दोन दाढा आणि मांडीच्या हाडाचा तुकडा, कोरडे, कशातही न बुडवता, थंडीत. इथेच सवयीने कुणीतरी फॉर्मलिनची बरणी पुढे करते. फॉर्मलिनमध्ये डीएनए तुटतो. तो नमुना गेला म्हणून समजा. डायटमसाठी (पाण्यातले सूक्ष्म शेवाळ; जिवंतपणी बुडताना ते रक्तातून हाडांच्या मगजात पोचू शकते) छातीचे हाड घेतले आणि हवालदारांना त्याच विहिरीचे लिटरभर पाणी स्वच्छ बाटलीत आणायला परत पाठवले. पाण्याचा नमुना नसेल तर प्रयोगशाळा तुलना कशाशी करणार?

हाडे कुठे मोडलेली नव्हती. त्यावरून गळा दाबला नाही असे म्हणता येत नाही; या वयात गळ्यातले हाड इतके लवचिक असते की ते सहसा मोडतच नाही. मृत्यूचे कारण सीए (रासायनिक विश्लेषक) रिपोर्टपर्यंत राखून ठेवले. रिपोर्टमध्ये विष नव्हते, डायटमचा निष्कर्ष अनिर्णित होता.

शोध आजूबाजूच्या वीटभट्ट्या, ऊसतोडीच्या टोळ्या, अंगणवाड्यांची पटनोंद असा फिरला. जुळणारी हरवल्याची एकही तक्रार नव्हती, आणि माझ्या मते हेच प्रकरण अडण्याचे खरे कारण. फिलाडेल्फियात फेब्रुवारी १९५७ मध्ये खोक्यात सापडलेल्या चार वर्षांच्या मुलाचेही हेच झाले. चार लाख पत्रके वाटूनही कुणी पुढे आले नाही. नाव कळले २०२२ मध्ये, पुरलेला देह पुन्हा काढून मिळवलेल्या डीएनएवरून वंशावळी जुळवल्यावर. मारले कोणी, ते आजही सिद्ध झालेले नाही. आपल्याकडे डीएनए कोशासाठीचे (प्रोफाइल एका जागी साठवून जुळवण्यासाठीचे) विधेयक २०२३ मध्ये मागे घेतले गेले, त्यामुळे इथे प्रोफाइल तयार असली तरी ती दावेदार येण्याची वाट पाहते.

मृतदेह दहन न करता पुरायला सांगितले, जागेची मापे पंचनाम्यात आणि एडी नंबर कोरलेला पत्रा सोबत. उद्या कुणी आले तर आईबाप दोघेही हवेत असे नाही. एकट्या आईचे रक्त पुरते. आई नसेल तर मावशी किंवा आईकडची आजीही चालते, फक्त तेव्हा प्रयोगशाळेला मायटोकाँड्रियाची (फक्त आईकडून मुलांत येणाऱ्या डीएनएची) तपासणी स्पष्ट लिहून मागावी लागते.