‘गेलो होतो’ आणि ‘हॅड गॉन’

सोलापुरात कुणालाही इंग्रजीत विचारा, काल काय केलंस? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘यस्टर्डे आय हॅड गॉन टू मार्केट.’ पास्ट परफेक्टचं, म्हणजे ‘हॅड गॉन’सारख्या रूपांचं, कोष्टक अगदी तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा हेच बोलतात, कारण ही चूक येते आपल्या मराठीतून.

‘मी बाजारात गेलो होतो’ म्हणजे गेलो आणि परतही आलो. नुसतं ‘बाजारात गेलो’ म्हटलं तर ऐकणारा ‘मग?’ म्हणून पुढच्या गोष्टीची वाट बघतो. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला परत येण्याशी काही देणंघेणं नाही. भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी हे घडलं, एवढंच तो सांगतो. ती दुसरी घटनाच नसेल तर ‘हॅड’ अधांतरी लटकतो.

म्हणून स्वतःला विचारायचं: कशाच्या आधी? ‘मी स्टेशनवर पोचलो तेव्हा हुतात्मा एक्स्प्रेस सुटली होती.’ कशाच्या आधी सुटली? मी पोचण्याच्या. मग ‘व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द हुतात्मा हॅड लेफ्ट.’ पण ‘काल गड्ड्याच्या यात्रेला गेलो होतो’ या वाक्यात त्या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. तिथं ‘आय वेंट’ पुरतं.

सवय मोडायला रोज वहीत कालच्या दिवसाच्या १० ओळी मराठीत लिहा, बोलतो तशाच. ‘गेलो होतो’, ‘केलं होतं’ अशा जोड्यांभोवती गोल काढा, प्रत्येकीला तो प्रश्न विचारा आणि मगच इंग्रजी करा. ‘घरी होतो’ला गोल नको, तिथं ‘वॉज’ येतो. ‘जात होतो’लाही नको, ते ‘वॉज गोइंग’. सुरुवातीला या तिघांची गल्लत होतेच, म्हणून पहिला आठवडा फक्त गोल काढण्यात गेला तरी चालेल.

‘आहे’चंही असंच. ‘कालच चादर घेतली आहे’ मराठीत बिनचूक आहे, पण ‘हॅव बॉट’ आणि ‘यस्टर्डे’ एका वाक्यात नांदत नाहीत. काल, गेल्या वर्षी, २०१९ साली असा संपलेला काळ सांगितला की साधं ‘बॉट’. काळ सांगितलाच नाही तर ‘हॅव बॉट’ चालेल.

‘सहा वर्षं यंत्रमागावर काम करतोय’ हे वाक्य मात्र उलट्या बाजूनं फसवतं. आपण वर्तमानकाळ वापरतो. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारेही तेच करतात, म्हणून ‘आय ॲम वर्किंग सिन्स सिक्स इयर्स’ साऱ्या गावाच्या तोंडी बसलंय. हवं ते ‘आय हॅव बीन वर्किंग फॉर सिक्स इयर्स’. किती काळ ते मोजलं की ‘फॉर’, कधीपासून ते सांगितलं की ‘सिन्स’: ‘सिन्स २०१९’, ‘सिन्स दिस मॉर्निंग’.

‘डिड नॉट वेंट’बद्दल फार सांगायला नको. भूतकाळ ‘डिड’नं आधीच उचललाय, पुढं ‘गो’च.

आणि खालून हाक आल्यावर आपण पायऱ्या उतरायच्या आधीच ‘आलोच!’ म्हणतो ना, त्याचं ‘आय केम’ करू नका. ‘आय ॲम कमिंग.’