जुन्या स्प्लेंडरचे ॲव्हरेज आणि कार्बोरेटरचे ट्युनिंग: माझा अनुभव

आमच्या घरची हीरो होंडा स्प्लेंडर २००३ सालची आहे. ९७.२ सीसीचे इंजिन, चार गिअर, किक आणि पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर, एवढाच तिचा कारभार. बाबांनी निवृत्तीपर्यंत ती वापरली आणि आता मी ती मानपाड्याहून रबाळे एमआयडीसीत कामाला नेते. पंधरा वर्षे झाल्यावर आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण करून घेतलेले असल्यामुळे गाडी अजून काही वर्षे चालवायची, हे घरात ठरलेलेच होते. अडचण पेट्रोलची होती. एके काळी साठच्या खाली न येणारे ॲव्हरेज हळूहळू चाळीसच्या आसपास येऊन ठेपले होते.

ॲव्हरेज पडले की "कार्बोरेटर ट्युन करून घे" असा सल्ला हमखास मिळतो. ठाण्यातल्या एका गॅरेजमध्ये तसे करूनही घेतले. तिथे बाहेरचा स्क्रू थोडा फिरवला, रेस, म्हणजे इंजिनाच्या फिरण्याचा वेग, जराशी कमी केली आणि गाडी हातात दिली. त्यानंतर गाडी सकाळी चोक ओढूनही लवकर सुरू होईना आणि उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येऊ लागला. हे दोन्ही मिश्रण पातळ झाल्याचे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी असल्याचे लक्षण. मात्र स्पार्क प्लग काढून पाहिला तर त्याचे टोक काजळीने काळेभोर होते आणि ते मिश्रण जाड असल्याचे लक्षण. एकाच इंजिनात दोन्ही खुणा एकदम कशा दिसतात, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना आणि पुढचे सगळे काम त्यातूनच उभे राहिले.

सुरुवात मोजण्यापासून केली. टाकी फुल करून पुन्हा फुल करण्याची पद्धत रोजच्या वापराचा अंदाज यायला चांगली आहे, पण त्यासाठी पंप तोच हवा, गाडी डबल स्टँडवर सरळ उभी हवी आणि पेट्रोल दर वेळी टाकीच्या गळ्यातील त्याच खुणेपर्यंत भरायला हवे. यात थोडा फरक पडला तरी दहा लिटरच्या टाकीत आकडा चांगलाच हलतो. दुरुस्तीचा परिणाम पाहायला मात्र बाटलीची पद्धत अधिक उपयोगी ठरली. खुणा असलेल्या बाटलीत १०० मिली पेट्रोल घ्यायचे, तिची नळी थेट कार्बोरेटरला जोडायची, टाकीचा कॉक बंद ठेवायचा आणि गाडी बंद पडेपर्यंतचे अंतर पाहायचे. साठचे ॲव्हरेज असेल तर १०० मिलीत सहा किलोमीटर होतात, त्यामुळे दहाएक किलोमीटरचा पाम बीच रोड या कामाला पुरतो. रविवारी पहाटे, वाहने नसताना, वरच्या गिअरमध्ये ४५ चा वेग धरून मी सानपाड्याकडून बेलापूरच्या दिशेने गेले आणि परततानाही तसेच मोजले, कारण खाडीवरचा वारा एका बाजूने मदत करतो आणि दुसऱ्या बाजूने अडवतो. दोन्ही दिशांची सरासरी लिटरला ५२ आली. सिग्नलला थांबणे नाही, ट्रॅफिक नाही, तरीही स्प्लेंडर ५२ च देत असेल तर दोष विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या कोंडीवर ढकलता येत नाही, एवढे तरी पक्के झाले.

वागळे इस्टेटमधील ज्या मिस्त्रीकाकांकडे मी शेवटी गेले, त्यांनी कार्बोरेटरला हातच लावला नाही. गाडी डबल स्टँडवर घेऊन त्यांनी मागचे चाक हाताने फिरवले, ते अर्ध्या फेरीतच थांबले. "ताई, ब्रेक धरून गाडी चालवता आणि कार्बोरेटरला दोष देता होय?" असे म्हणून त्यांनी ब्रेकचा नट सैल केला आणि ड्रम उघडून आत साचलेली धूळ झाडली. टायरमध्येही हवा कमी होती. एकट्याने चालवताना पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय हवी असते. चेन कोरडी पडली होती. एअर फिल्टर तर घोडबंदर रोडच्या मेट्रोच्या कामाची धूळ खाऊन करडा झाला होता. फिल्टर तुंबला की कार्बोरेटरमधली ओढ वाढते आणि हवा कमी, पेट्रोल जास्त असे होते. अशा स्थितीत केलेले ट्युनिंग नवा फिल्टर बसताच निरुपयोगी ठरते, म्हणून ही सगळी कामे आधी उरकायला हवीत. झडपा उघडणारे टॅपेटही थंड इंजिनावर, पुस्तिकेत दिलेल्या फटीप्रमाणे, फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावले. प्लगची फट ०.६ ते ०.७ मिलिमीटरमध्ये आणली.

त्यानंतर कार्बोरेटर उतरवला. काकांनी खालचा बाउल (पेट्रोल साठणारी वाटी) सोडवून पांढऱ्या फडक्यावर उपडा केला, तेव्हा टाकीतल्या गंजाची तांबूस पूड आणि तिच्याखाली बोटाला चिकटणारा, डिंकासारखा पिवळट थर दिसला. स्लो जेट, म्हणजे कमी थ्रॉटलला पेट्रोल देणारा पितळी भाग, उजेडासमोर धरला तर त्याच्या केसासारख्या बारीक छिद्रातून प्रकाशाचा एक अस्पष्ट ठिपकाच तेवढा येत होता. हे छिद्र तारेने टोकरायचे नाही, कारण पितळ मऊ असते आणि एकदा छिद्र मोठे झाले की तो जेट बादच. क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने ते मोकळे केले. मग बाउल भरला की पेट्रोल रोखणाऱ्या, फ्लोटच्या निडलचे टोक पाहिले. त्यावर गोल चर पडला होता. त्यामुळे पेट्रोल पूर्ण बंद होत नव्हते, बाउलमधली पातळी ठरल्यापेक्षा वर राहत होती आणि सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीजवळ पेट्रोलचा वास येत होता. सर्वात बोलकी वस्तू निघाली ती निडल जेट. थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई वीस वर्षे त्याला घासत राहिली होती आणि मूळचे गोल छिद्र एका बाजूला झिजून स्पष्ट लांबट झाले होते.

माझ्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळाले. कार्बोरेटर थ्रॉटलच्या वेगवेगळ्या टप्प्यांत पेट्रोल वेगवेगळ्या वाटांनी देतो. गाडी जागेवर उभी असताना आणि थ्रॉटल साधारण अष्टमांश उघडा होईपर्यंत स्लो जेट आणि बाहेरचा स्क्रू यांची सत्ता चालते. पाव ते पाऊण उघडेपर्यंत सुई आणि निडल जेट यांच्यामधली फट पेट्रोल ठरवते. पूर्ण थ्रॉटलला मेन जेट. रबाळ्याच्या रस्त्यावर ४० ते ५० च्या वेगाने जाताना माझी गाडी बहुतांश वेळ या मधल्या टप्प्यात असते आणि तिथेच झिजलेल्या छिद्रातून, वर राहणाऱ्या पातळीमुळे, जास्तीचे पेट्रोल जात होते. प्लग काळा झाला तो त्यामुळे. उलट स्लो जेट अर्धवट बुजलेला आणि त्यात स्क्रूही पातळ बाजूला फिरवलेला, म्हणून खालचा टप्पा उपाशी. थंड इंजिन सुरू न होणे आणि सायलेन्सरचे फटफटणे तिथून आले. बाहेरून हाताला लागणारा स्क्रू मधल्या टप्प्याला जवळजवळ स्पर्शच करत नाही. ॲव्हरेजसाठी तो पिळत बसणे म्हणजे गळती स्वयंपाकघरात असताना न्हाणीघराचा नळ आवळणे होय, असे मला आता ठामपणे वाटते.

सुई, निडल जेट, फ्लोट निडल आणि रबरी रिंगा मिळून किट विकत घेतले. दुकानात दोन किमतींची किट दाखवली. स्वस्त किटमधील जेटवर आकडा कोरलेलाच नव्हता. ज्या वस्तूचे सारे महत्त्व एका छिद्राच्या मापात आहे, तिच्यावर माप नसेल तर ती घेऊ नये, म्हणून महागडे किट घेतले आणि मेन जेटचा आकडा जुन्याशी जुळवून पाहिला. पेट्रोलचा पाइप कडक होऊन त्याला बारीक चिरा पडल्या होत्या, तोही बदलला. टाकी रिकामी करून धुतली आणि कॉकची जाळी साफ केली, कारण गंज आत राहिला असता तर स्लो जेट पुन्हा बुजायला वेळ लागला नसता. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्या जोडावरही एकदा लक्ष द्यावे. इंजिन स्लोवर चालू ठेवून त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारला आणि रेस बदलली, तर तिथून हवा शिरते आहे असे समजावे. माझा जोड ठीक होता.

प्रत्यक्ष ट्युनिंगला फार वेळ लागला नाही. आधी गाडी चांगली फिरवून इंजिन गरम केले. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन मग पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांइतका बाहेर काढला. जोराने आवळला तर टोकाला खाच पडते. हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा आवरतो आणि आत फिरवल्यास मिश्रण जाड होते. तो इंजिनच्या बाजूला असेल तर आत फिरवल्यास पातळ होते. दोन्ही प्रकारांत शोधायची जागा मात्र एकच, जिथे इंजिन सर्वात वेगाने आणि एकसारखे चालते ती. पाव पाव फेरी फिरवत, प्रत्येक वेळी जरा थांबून, ती जागा सापडली की थ्रॉटलचा स्क्रू मागे घेऊन रेस सुमारे १४०० आरपीएमवर आणायची आणि पुन्हा एकदा मिश्रण तपासायचे. काकांनी आरपीएम मोजणारा टॅकोमीटर लावला नाही. त्यांनी डोळे मिटून कान दिला आणि नंतर शेजारच्या पीयूसी केंद्रात गाडी लावली.

पीयूसीचा हा उपयोग मला विशेष सांगावासा वाटतो. २००० नंतरच्या आणि बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या आधीच्या दुचाकीला जागेवर चालू असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे आणि फोर-स्ट्रोकसाठी हायड्रोकार्बनची ४५०० पीपीएम. आपण केवळ प्रमाणपत्र घेऊन येतो, पण यंत्रावरचा तो आकडा म्हणजे मिश्रण जाड आहे की पातळ याचे मोजमापच असते. केंद्रातल्या मुलाने परवानगी दिली म्हणून पाइप सायलेन्सरमध्ये असतानाच स्क्रू किंचित हलवून आकडा कसा उतरतो ते पाहता आले. अर्थात हे मोजमाप जागेवर उभ्या गाडीचे असल्यामुळे ते खालच्या टप्प्याबद्दलच सांगते. मधल्या टप्प्यासाठी पुन्हा प्लगकडेच यावे लागते.

सध्याच्या पेट्रोलचा परिणामही इथे लक्षात घ्यावा लागला. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ आणि या मिश्रणाला साधारण साडेतेरा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हा फरक ओळखून पेट्रोल वाढवू शकतो. कार्बोरेटरची छिद्रे ठरलेली असतात, म्हणून २००३ साली योग्य असलेले मापच आज थोडे पातळ पडते. शिवाय इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्क्यांची घट आलीच. साठ देणारी गाडी छप्पनच देत असेल, तर त्या चार किलोमीटरसाठी कोणत्याही मिस्त्रीला धारेवर धरण्यात अर्थ नाही आणि स्क्रू पिळून ते परतही येत नाहीत. पातळ मिश्रणावर इंजिन तापते, पिकअप जातो, आपण नकळत थ्रॉटल जास्त पिळतो आणि वाचवलेले पेट्रोल तिथेच खर्च होते.

नवे किट बसवून काही दिवस चालवल्यावर प्लग पाहिला तर टोक पांढरटपणाकडे झुकलेले होते आणि तीन हात नाक्याच्या सिग्नलवरून निघताना गाडी किंचित अडखळत होती. काकांनी सुईची क्लिप मधल्या खाचेतून एक खाच खाली लावली. क्लिप खाली गेली की सुई वर उचलली जाते आणि मधल्या टप्प्यात पेट्रोल जरासे वाढते. अडखळणे थांबले आणि पुढच्या वेळी प्लगचे टोक बिस्किटासारखे तपकिरी दिसले. मग पुन्हा पहाटे पाम बीच रोड, तीच बाटली, तोच वेग. दोन्ही दिशांची सरासरी लिटरला ६८ आली. टाकी फुल करून रोजच्या कळवा-विटावा मार्गावर ते ५५ च्या आसपास राहते. आजच्या पेट्रोलवर आणि आजच्या ट्रॅफिकमध्ये या वयाच्या गाडीसाठी मला हा आकडा योग्य वाटतो.

पावसाळ्यासाठी काकांनी एक सवय लावून दिली आहे. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, म्हणून टाकी फार रिकामी ठेवायची नाही आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बाउलच्या तळाचा स्क्रू सोडून आतले पेट्रोल काढून टाकायचे. एक काम अजून बाकी आहे. गायमुखच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये रेस वाढते तेवढा वेग वाढत नाही, म्हणजे क्लच प्लेट घसरू लागल्या आहेत. त्या या महिन्यात बदलून घेणार आहे आणि त्यानंतर पुन्हा बाटली लावून मोजणार आहे.