चांदोलीकडचं वांगं

शिराळा तालुक्याच्या पश्चिमेला, चांदोलीच्या बाजूला, तांबड्या मातीत आमचा वांग्याचा प्लॉट होता. अंदमानसारख्या बेटांच्या हवेत तग धरणारी जात तयार करायची, तर त्यासाठी कोणते गावठी वाण उपयोगी पडतील हे पाहायचं होतं. तिकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, दमट उकाडा आणि बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी माती. अशा जमिनीत वांग्याचा मोठा वैरी म्हणजे जिवाणूजन्य मर, म्हणजे मातीतल्या जिवाणूमुळे हिरवं झाडच सुकून मरण्याचा रोग. म्हणून मुद्दामच दरसाल मर लागणारं रान निवडलं होतं.

ऑगस्टात झड सरून ऊन पडलं आणि कृष्णाकाठच्या वांग्यांच्या ओळींनी माना टाकल्या. पानं हिरवीगार, पिवळेपणाचा मागमूस नाही. एक बुडखा कापून ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरला. थोड्याच वेळात कापातून जिवाणूंचा दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागला. मरच होती. भरल्या वांग्याला याच्या तोडीचं वांगं नाही, म्हणून जीव हळहळला.

शेजारच्या ओळीत मात्र बहुतेक झाडं ताठ उभी! ते बियाणं वरच्या वाडीतल्या एका काकींच्या परड्यातलं. दुपारीच त्यांच्याकडे गेलो.

"काकी, बी कसं धरता?"

"पावसात जे झाड टिकतंय त्याचंच वांगं बियाला ठेवायचं. बाकीची खायची." पिवळं पिकलेलं वांगं फोडून, बी धुऊन, राखेत घोळवून वाळवायचं, ही त्यांच्या सासूबाईंपासूनची रीत. आम्ही रोगट रानात एका हंगामात जे पाहिलं, ती निवड या घरात दोन पिढ्या चालू होती.

सहकाऱ्याचं मत पडलं, फळ बारीक, बिया फार, चव कडवट. बाजारात कोण घेणार? मला ते पटलं नाही. पैदाशीसाठी घेतलेला वाण स्वतः विकला जायची गरज नसते. चव दुसऱ्या वाणाकडून घेता येते, मर सोसायची ताकद मात्र जिथे आहे तिथूनच आणावी लागते. या जिवाणूचे प्रकार जागोजागी वेगळे, त्यामुळे इथे उभं राहिलेलं झाड तिकडेही उभं राहील असं नाही. चाचणी बेटावरच्या मातीत पुन्हा घ्यावीच लागणार.

संध्याकाळी तगलेल्या प्रत्येक झाडाला वेगळी चिठ्ठी बांधली, कारण गावठी वाणात झाडागणिक फरक असतो आणि सगळं बी एकत्र केलं की तो हरवतो. नोंदवहीत वाणाच्या रकान्यात काकींचं पूर्ण नाव आणि वाडी लिहिली. शेतकऱ्याला स्वतःचा वाण स्वतःच्या नावे नोंदवण्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने दिला आहे. तो अर्ज कसा करायचा हे सांगायला पुढच्या आठवड्यात पुन्हा वाडीवर जायचं ठरवलं.