तुम्ही विचारलंत म्हणून: पक्की नोकरी सोडून मोटार वायंडिंग

‘जिल्हा परिषदेची पक्की नोकरी, तीही वडिलांच्या जागेवर मिळालेली, सोडून तुम्ही मोटार वायंडिंगचे, म्हणजे जळलेल्या विजेच्या मोटारींत नवी तार भरण्याचे, दुकान का टाकले?’ हा प्रश्न मला लग्नात विचारला जातो, तेरवीच्या पंगतीत विचारला जातो आणि आठवडी बाजारात तर हमखास विचारला जातो. ‘काऊन गा, एवढी चांगली नोकरी कायले सोडली?’ असे विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मनात कुतूहलापेक्षा काळजी अधिक असते, हे मला कळते. उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने त्यांचे समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या सेवेत असतानाच गेले आणि अनुकंपा तत्त्वावर मला पंचायत समितीत कनिष्ठ सहाय्यकाची नेमणूक मिळाली. त्याआधी मी आयटीआयमध्ये वायरमनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता आणि अमरावती जिल्ह्यातल्या वरूडच्या एका जुन्या दुकानात मोटारी भरायला शिकत होतो. अनुकंपाची नेमणूक घेताना कुटुंबातील इतरांचा सांभाळ करण्याचे हमीपत्र द्यावे लागते. ते मी मनापासून दिले होते, आणि बहिणीचे शिक्षण व लग्न होईपर्यंत राजीनाम्याचा विचारही मनात आणला नाही. या नोकरीने आमचे घर उभे ठेवले. तिच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

‘पेन्शनवर पाणी सोडले’ असे लोक म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर माझ्या वडिलांच्या पिढीची पेन्शन असते. माझी नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची असल्यामुळे ती जुनी योजना मला लागूच नव्हती. मार्च २०२३ मध्ये राज्यभरचे कर्मचारी संपावर गेले ते ती जुनी योजना परत मिळावी याच मागणीसाठी. आईचे कुटुंब निवृत्तिवेतन वडिलांच्या सेवेचे आहे आणि माझ्या राजीनाम्याने त्यातला एक रुपयाही कमी झाला नाही. ही गोष्ट मी लेखी विचारून पक्की करून घेतली होती. ती तशी नसती, तर मी आजही त्या टेबलावर असतो.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो: नोकरी सांभाळून संध्याकाळी दुकान का चालवले नाही? जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत आणि परवानगीशिवाय खाजगी धंदा करण्यास त्यांत मनाई आहे. ‘वहिनींच्या नावाने टाका, कोण पाहते’ असे सुचवणारे हितचिंतक मला भेटले. परंतु अडचण केवळ नियमाची नव्हती. माझ्या टेबलावर सिंचन विहिरींच्या फायली येत असत. ज्या शेतकऱ्याची फाइल माझ्यापुढे पडली आहे, त्याचीच मोटार जळली, तर तो दुसऱ्या दुकानात जायला धजेल काय? मजुरी जास्त वाटली तरी तो बोलू शकेल काय? ज्या धंद्यात गिऱ्हाईक मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकत नाही, तो धंदा मला करायचा नव्हता.

आता मूळ कारण सांगतो. मला हे काम आवडते, आणि आमच्या भागाला त्याची गरज आहे. वरूड तालुका संत्र्याचा, आणि भूजलाचा अतिउपसा झालेला तालुका म्हणूनही त्याची नोंद आहे. विहिरी आटल्या तसे लोक बोअरकडे वळले, बोअर खोल खोल जात राहिले आणि प्रत्येक बगीच्याचा जीव जमिनीखाली लोंबकळणाऱ्या एका सबमर्सिबल मोटारीवर येऊन ठेपला. तीन फेजपैकी एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजांवर जादा करंट ओढत मोटार तापते. अशा वेळी मोटार आपोआप बंद करणारा स्टार्टरचा रिले टाळून जोडणी थेट केलेली असेल, तर ती तापून जळेपर्यंत थांबत नाही. व्होल्टेज कमी असले तरी तेच होते, आणि पाण्याची पातळी खाली जाऊन मोटार कोरडी फिरली तरी परिणाम वेगळा नसतो. लाइन आली की आपोआप चालू व्हाव्यात म्हणून लोक मोटारींना ऑटो बसवतात. त्यामुळे एका रोहित्रावरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि दाब आणखी पडतो.

जळलेली मोटार उघडल्यावर पहिले काम जुन्या वायंडिंगची नोंद घेण्याचे असते. तारेचे गेज, प्रत्येक कॉइलचे वेढे, एका खाचेपासून दुसरीपर्यंतचे अंतर आणि जोडणी, हे सारे वहीत उतरवल्याशिवाय मी तार कापत नाही. विहिरीवरच्या साध्या मोटारीत कॉइल साच्यावर गुंडाळून खाचांत बसवतात, बांधतात आणि वार्निश देऊन वाळवतात. पाण्याने भरलेल्या बोअरच्या मोटारीत मात्र प्लॅस्टिकचे आवरण असलेली नवी तार खाचांमधून हातानेच ओढत ओवावी लागते, आणि ओढताना त्या आवरणाला एक जरी ओरखडा गेला, तर शेकडो फूट खाली उतरवलेली मोटार पुन्हा वर काढण्याचा खर्च शेतकऱ्यावर येतो. म्हणून मी स्टेटर, म्हणजे मोटारीचा वायंडिंग असलेला स्थिर भाग, पाण्यात बुडवून मेगरने (तारेचे आवरण शाबूत आहे का हे दाखवणाऱ्या यंत्राने) तपासल्याशिवाय मोटार देत नाही, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन दारात उभा असला तरीही. एप्रिल-मे महिन्यात आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या संत्र्याची, फळे झाडावर लहान असतात. त्या उन्हात पाणी तुटले की फळगळ होते आणि वर्षाचे उत्पन्न जमिनीवर पडते. अशा वेळी माझ्या हातून भरलेली मोटार चालू होऊन पाणी पडते, त्यात जे समाधान आहे ते मला कुठल्याही फायलीवर सही करून मिळाले नव्हते.

परंतु जे नोकरी सोडू पाहतात त्यांनी या समाधानापेक्षा उधारीची वही आधी पाहावी. पगार पहिल्या आठवड्यात खात्यात येतो. शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो तो माल निघाल्यावर. आंबियाचा पैसा दिवाळीच्या आगेमागे, पावसाळ्यात फुलणाऱ्या मृग बहाराचा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, कापसाचा वेचणीप्रमाणे थोडा थोडा आणि हरभऱ्याचा उन्हाळ्याच्या तोंडाशी. मोटारी मात्र जळतात भर उन्हाळ्यात, म्हणजे नेमक्या त्या दिवसांत जेव्हा घराघरांत पैसा संपलेला असतो आणि पेरणीच्या बियाण्याचीही सोय लावायची असते. व्यापाऱ्याने बगीचा सौद्यात घेऊन पुढे भाव पाडला, किंवा बांगलादेशाने आयात शुल्क वाढवल्यामुळे संत्र्याला उठाव राहिला नाही, तर त्याची झळ त्या शेतकऱ्याच्या घरातून माझ्या वहीपर्यंत येते. मी नोकरी सोडली म्हणजे स्वतंत्र झालो, असे कुणी म्हटले तर मला ते पटत नाही. सरकारच्या तिजोरीवरचे माझे अवलंबन संपले आणि पाऊस, भाव व लाइन यांवरचे सुरू झाले. माझ्या आजोबांच्या शेतीचा जो हिशेब होता, त्यात मी पुन्हा शिरलो आहे, आणि तो हिशेब ज्याला सोसत असेल त्यानेच या वाटेने यावे.

यातून मार्ग काढण्यासाठी मी एक रीत ठेवली आहे. तांब्याची तार मला नागपूरहून रोखीने आणावी लागते आणि तिचा भाव सारखा चढत असतो, म्हणून तारेचे पैसे आधी घेतो. मजुरी मात्र माल निघाल्यावर दिली तरी चालते. मोटारीतून निघालेले जुने तांबे मी वजन करून शेतकऱ्यापुढे ठेवतो. ते त्याचे आहे. त्याने न्यावे, किंवा भावाप्रमाणे बिलातून वजा करून घ्यावे. या रीतीमुळे माझी बरीच मजुरी दिवाळीनंतर येते, पण येते. बुडालेली रक्कम अगदीच नाही असे नाही; ज्या घरात त्या वर्षी दुःख झाले, तिथे मी वही उघडली नाही.

घरच्या बाजूने म्हणाल तर राजीनाम्याआधी पतसंस्थेचे कर्ज पूर्ण फेडले, कारण पगारपत्रक गेले की बँकेच्या दारात माणसाची किंमत बदलते. सरकारी दवाखान्याच्या प्रतिपूर्तीची सोय गेली, तेव्हा कुटुंबाचा आरोग्य विमा काढला. पावसाळ्याचे चार महिने दुकानावर पिठाच्या गिरणीची एखादी मोटार आणि घरचे पंखे, एवढेच काम असते, म्हणून उन्हाळ्यातल्या कमाईचा एक भाग बायको वेगळा ठेवते आणि त्याला पोळ्यापर्यंत हात लावत नाही. आईला माझा निर्णय आजही पूर्ण पटलेला नाही. वडिलांची खूण म्हणून ती त्या नोकरीकडे पाहत होती, आणि तिचे हे दुःख मी हक्काने दूर करू शकत नाही.

अलीकडे नवा प्रश्न येतो: ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना आल्यावर तुमचे काय होणार? सौर पंपाच्या देखभालीची जबाबदारी सुरुवातीची पाच वर्षे पुरवठादार कंपनीकडे असते, त्यामुळे ते काम आज माझ्याकडे येत नाही आणि साध्या मोटारी पुढे कमी होतील हे मी धरून चालतो. दुसरीकडे, २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल माफ झाल्यामुळे लाइनवरच्या मोटारी लगेच कुणी काढून टाकील असेही दिसत नाही. मधल्या काळात सौर पंपाचा कंट्रोलर उघडून समजून घेणे मी सुरू केले आहे, कारण हमीची मुदत संपल्यावर तो शेतकरीही कुणाकडे तरी जाणारच आहे.

नोकरीतली काही तरुण मुले मला ‘मी पण सोडू का?’ असे विचारतात. त्यांना मी रजा काढून मे महिन्यातले काही दिवस दुकानावर येऊन बसायला सांगतो, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा यायला सांगतो. मे महिन्यात पुष्कळ जण येतात. ऑगस्टमध्ये जे येतात, त्यांच्यापुढे मी उधारीची वही ठेवतो आणि मग आम्ही बोलायला बसतो.