लूपमध्ये शिरताना

प्रदर्शनाच्या दालनात लावलेला लघुपट पहिल्या चौकटीपासून बघायला मिळणं हा निव्वळ योगायोग. गणित सोपं आहे: 12 मिनिटांची फिल्म दिवसभर पुन्हा पुन्हा, म्हणजे लूपमध्ये, चालू असेल, तर काळा पडदा सारून आत येणाऱ्याच्या वाट्याला तिचं पहिलं मिनिट येण्याची शक्यता बारात एक. बाकीचे अकरा जण मध्येच टपकतात. पडद्यावर कुणीतरी रडत असतं आणि का ते कळत नाही. मग आधी शेवट दिसतो, नंतर सुरुवात. शेवटच्या अर्ध्या मिनिटातल्या धक्क्यासाठी ज्याने आधीची साडेअकरा मिनिटं रचली, त्या दिग्दर्शकाच्या मेहनतीवर पाणी पडलेलं असतं.

म्हणूनच महोत्सवात गाजलेला लघुपट जसाच्या तसा उचलून भिंतीवर लावणं हा मला क्युरेटरचा, म्हणजे प्रदर्शन मांडणाऱ्याचा, आळस वाटतो. लघुपटाला पडद्यासमोर बसलेला, दारं बंद झालेला प्रेक्षक हवा असतो. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंतची फिल्म लघुपट ठरते, फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा 15 मिनिटं. नियम वेगळे असले, तरी प्रेक्षक सुरुवातीपासून हजर आहे हे दोन्हीकडे धरून चाललेलं असतं. तशी सगळ्या सिनेमाची सुरुवात लघुपटांनीच झाली: 28 डिसेंबर 1895 ला पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी दाखवलेल्या दहा फिल्म जेमतेम मिनिटाभराच्या होत्या. तेव्हा लांबी रिळाच्या लांबीवर ठरायची. आता ती आपल्या हातात आहे, म्हणून तर सात मिनिटांच्या फिल्मला सव्वा मिनिटाची नामावली लावायचा मोह होतो.

दालनासाठीच बनवलेली फिल्म वेगळी ओळखू येते. कलाकार ख्रिश्चन मार्क्ले यांची 2010 सालची ‘द क्लॉक’ 24 तास चालते. असंख्य चित्रपटांतले घड्याळं आणि वेळ दाखवणारे तुकडे त्यात जोडलेत, आणि पडद्यावर जी वेळ तीच बघणाऱ्याच्या मनगटावर. तिथे कधीही शिरा, उशीर झालेलाच नसतो. सगळ्यांना एवढा खटाटोप जमणार नाही, पण विचार तोच करायचा: कुठल्याही क्षणी आलेल्याला पहिल्या वीस सेकंदांत धरून ठेवेल असं काही प्रत्येक दृश्यात आहे का? नसेल तर दारावर सुरू होण्याच्या वेळा लावाव्यात. कागदाचा एक चिटोरा पुरतो, तरी फार कमी ठिकाणी तो दिसतो.

फिल्मचा शेवट आणि पुन्हा सुरुवात यांचा जोड कुठे येतो तेही बघावं. साधा मीडिया प्लेअर फाइल संपली की क्षणभर अडखळतो आणि एक काळी उचकी देतो. कधी त्या उचकीत प्लेअरचा मेनूही झळकून जातो, मग सगळी तंद्री गेली. यावर उपाय दोन. शेवटची आणि पहिली चौकट एकसारखी ठेवायची, किंवा फाइलमध्येच पाच-दहा सेकंदांचा काळोख घालायचा, म्हणजे उचकी त्यात बुडते. लूपची कल्पना कलाकाराने मुळातून केली आहे की शेवटच्या दिवशी कुणीतरी रिपीटचं बटण दाबलंय, ते या जोडावरच कळतं.

आणि काळोख! प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही, तो फक्त प्रकाश टाकतो. म्हणजे पडद्यावरचा काळा हा प्रोजेक्टर लावलेला असताना ती भिंत जेवढी काळी दिसेल तेवढाच. शेजारच्या चित्रावरचा दिवा दारावरच्या पडद्याच्या फटीतून आत आला, की रात्रीची दृश्यं राखाडी पडतात. म्हणून नीट बांधलेल्या खोलीचं प्रवेशद्वार सरळ नसतं. एक वळण असतं, त्याच्या भिंतींना चकाकी नसलेला काळा रंग असतो, आणि एकाऐवजी दोन पडदे थोडं अंतर सोडून लावलेले असतात. उजेडातून आल्यावर मिनिटभर नुसतं उभं राहावं. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात, पण बाकावर कुणाच्या मांडीवर बसायचं नाही एवढं मिनिटात दिसू लागतं.

आवाजाचं दुखणं याहून वाईट. जाड पडदे आणि गालिचे वरच्या पट्टीतले आवाज शोषतात. खर्जातले आवाज प्लायवुडच्या विभाजक भिंतीतून आरपार जातात. त्यामुळे शेजारच्या कलाकृतीचा घुमणारा नाद आपल्या फिल्ममधल्या मूक शोकप्रसंगाला पार्श्वसंगीत पुरवतो. बरेचदा लोक तो मूळचाच समजून वाखाणतात. हेडफोन हा सोपा तोडगा, पण दोनच टांगलेले असतात आणि तिसरा माणूस ओठ हलताना बघत बसतो. सबटायटल असतील तर त्याचं निभावतं.

कलाकृतीची माहिती देणारी भिंतीवरची पट्टी नंतर वाचावी असं माझं मत. अपवाद फक्त एका ओळीचा: ‘सिंगल चॅनेल व्हिडिओ, रंगीत, ध्वनीसह, 12 मि. 40 से., लूप’. ‘सिंगल चॅनेल’ म्हणजे एकच प्रतिमाप्रवाह; तीन चॅनेल असतील तर मधोमध उभं राहण्याऐवजी तिन्ही पडदे एका नजरेत येतील इतकं मागे सरावं. ‘ध्वनीसह’ लिहिलंय आणि काहीच ऐकू येत नाही, तर ती कलाकाराची कल्पना नाही, स्पीकर बंद आहे, बिनदिक्कत सांगावं. आणि मिनिटांवरून बसायचं की नाही ते ठरतं. पाठ नसलेल्या बाकावर पंधरा मिनिटांनंतर बघणारा फिल्मपेक्षा स्वतःच्या कमरेकडे जास्त लक्ष देतो. 45 मिनिटांच्या कलाकृतीसमोर असलाच बाक ठेवणाऱ्याने ती पूर्ण पाहिली असेल का, याची शंका येते.

टिपण काढताना ‘सुंदर’, ‘अस्वस्थ करणारं’ वगैरे नंतर लिहावं. आधी आपण आत शिरलो ते दृश्य कोणतं, हे लिहावं. फेरी पूर्ण होऊन तेच दृश्य पुन्हा आलं की पहिल्या वेळी त्याचा अर्थ काय लावला होता, तो शेजारी मांडावा. दोन अर्थ जुळले तर फिल्मला क्रमाची फारशी गरज नव्हती. पडद्याचा फोटो काढण्यात अर्थ नाही, प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचा वेग जुळला नाही की त्यावर आडवे पट्टे येतात. पट्टीचा फोटो मात्र जरूर काढावा, फ्लॅश बंद करून.